प्लेगच्या लशीचे जनक : डॉ. वाल्डेमार हाफकिन

मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव ऐकले नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. सर्पदंशावरील औषध आणि पोलिओचे डोस यांच्याशी हे नाव कायमचे जोडले गेले आहे. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, हा माणूस कोठून आला, त्याने आपल्यासाठी काय केले आणि त्याच्या वाट्याला काय आले, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या चरित्रात आपल्या समाजालाही एक मानाचे पान आहे. शिवाय, आपले शरीर रोगांशी कसे लढते हे समजून घेण्यास या चरित्राइतका चांगला धडा दुसरा नाही. म्हणून पालक व विद्यार्थी या दोघांसाठीही ते येथे थोडक्यात सांगत आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. त्या साम्राज्यात ज्यू लोकांची स्थिती फार हलाखीची होती. शिक्षण, नोकरी, राहण्याची जागा अशा प्रत्येक बाबतीत त्यांच्यावर बंधने होती, आणि अधूनमधून त्यांच्या वस्त्यांवर हल्लेही होत. १८८१ साली ओडेसात असाच हल्ला झाला, तेव्हा तरुण हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले. त्यात ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. त्यांची सुटका होण्यास विद्यापीठातील त्यांचे गुरू प्राध्यापक मेचनिकॉफ यांची रदबदली उपयोगी पडली. शिक्षण संपल्यावर त्यांना अध्यापकाची जागा मिळण्यासारखी होती, पण अट होती धर्म बदलण्याची. हाफकिन यांनी ती नाकारली. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील साध्या नोकरीत त्यांनी काही वर्षे काढली आणि अभ्यास मात्र सोडला नाही.

त्यांचे गुरू एली मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे एक साधा प्रयोग केला होता. समुद्रातील तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. अशा पिल्लाच्या अंगात त्यांनी बागेतील एक बारीक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काट्याभोवती पिल्लाच्या अंगातील फिरत्या पेशींनी गर्दी करून त्याला वेढले होते. मेचनिकॉफ यांनी ओळखले की, शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवर धावून जाणाऱ्या आणि तिला गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी कित्येक हेच काम करतात. या शोधासाठी १९०८ साली पॉल अर्लिक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या शरीराचा बंदोबस्त कसा असतो ते पाहू. पहिला कोट म्हणजे कातडी. नाकातील व घशातील चिकट स्राव, डोळ्यांतील पाणी आणि पोटातील आम्ल हे त्या कोटाचे दरवाजे राखतात. कोट फुटून जंतू आत शिरले की भक्षक पेशी धावून येतात. जखम लाल होते, सुजते, कधी पू होतो. तो पू म्हणजे बऱ्याच अंशी या लढाईत कामी आलेल्या पांढऱ्या पेशीच होत. या पेशी कोणत्याही जंतूशी सारख्याच रीतीने लढतात. परंतु एवढ्याने भागत नाही. शरीरात आणखी एक दल आहे, लसिकापेशींचे. या पेशींचे असंख्य प्रकार असून प्रत्येक प्रकार एखाद्याच विशिष्ट खुणेला ओळखतो. त्या खुणेचा जंतू आला की नेमक्या त्याच प्रकारच्या पेशी भराभर वाढतात. त्यांतल्या काही पेशी त्या जंतूला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात, तर काही पेशी जंतूने बिघडवलेल्या आपल्याच पेशी नष्ट करतात. ही पलटण काखेत, जांघेत, गळ्यात असलेल्या लसिकाग्रंथींत तयार होते. लढाई संपल्यावर तिच्यातील काही पेशी वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि त्या जंतूची ओळख जपून ठेवतात. गोवर एकदा होऊन गेला की बहुधा पुन्हा होत नाही, तो या स्मृतीमुळे. हजार वर्षांपूर्वी देवी आणि गोवर हे दोन निराळे रोग आहेत हे ग्रंथ लिहून स्पष्ट करणारे हकीम अल् राझी यांच्यासारख्या वैद्यांनाही देवी एकदाच येतात ही गोष्ट ठाऊक होती. तिचे कारण मात्र कळायचे होते.

या व्यवस्थेत एकच उणीव आहे, ती वेळेची. अगदी नवा जंतू प्रथमच आला तर नेमकी पलटण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. साधा रोग असेल तर शरीर तेवढे दिवस तग धरते. पण पटकी काही तासांत माणसाला कोरडा करते आणि प्लेग चार-सहा दिवसांत प्राण घेतो. शरीराला लढता येत नाही असे नव्हे. तयारीला उसंतच मिळत नाही. हे हरवलेले दिवस माणसाला आधीच मिळवून द्यायचे, हेच लस करते. अशक्त केलेला किंवा मेलेला जंतू आधी अंगात घातला की रोग न होताच शरीर त्याची ओळख करून घेते. पुढे खरा जंतू आला म्हणजे पलटण तयारच असते. हाफकिन यांनी आपले आयुष्य या एका गोष्टीला वाहिले.

१८८८ साली हाफकिन यांनी रशिया सोडला. काही काळ जिनिव्हा येथे काम करून ते १८८९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांचे गुरू आधीच पोहोचले होते. रिकामी जागा होती ती फक्त ग्रंथालयातील साहाय्यकाची. विद्यापीठात शिकलेल्या या तरुणाने ती आनंदाने स्वीकारली. ग्रंथालयाचे काम आटोपले की ते प्रयोगशाळेत बसत. त्या काळी युरोप व आशियात पटकीची साथ पसरली होती. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंचा एक प्रखर वाण आणि एक सौम्य वाण तयार केला. आधी सौम्य लस टोचून शरीर सावध करायचे, मग काही दिवसांनी प्रखर लस द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी झाली. माणसावर ती कोणी प्रथम घ्यायची? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, उतरला, आणि लस निर्धोक असल्याची त्यांची खात्री पटली.

पटकीचे खरे माहेरघर बंगाल. तेथे जाऊन लशीची परीक्षा घ्यावी असे त्यांना वाटत होते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसला ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास पोहोचले. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी देशभर हिंडून बेचाळीस हजारांच्या वर लोकांना लस टोचली. १८९४ साली कलकत्त्याच्या काटालबागान वस्तीत पटकी उद्भवली, तेव्हा तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत आणखी दहा जणांना पटकी झाली व त्यांतले सात दगावले. ते सर्व लस न घेतलेले होते. गरीब वस्तीतील लोकांना ही भाषा समजली. पण सततच्या भ्रमंतीत हाफकिन स्वतः हिवतापाने खंगले आणि त्यांना विश्रांतीसाठी युरोपला परतावे लागले.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले तो मुंबईवर वेगळेच संकट कोसळले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. काखेत किंवा जांघेत गाठ, प्रखर ताप आणि काही दिवसांत मृत्यू असे त्याचे स्वरूप होते. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. जेथे शरीराची पलटण तयार व्हायची, ते ठाणेच हा जंतू प्रथम काबीज करतो. भक्षक पेशींना चुकविण्याची कलाही त्याच्यापाशी असते. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. घरांची झडती, रोग्यांना जबरीने रुग्णालयात नेणे, नातलगांना छावणीत ठेवणे असे कडक उपाय सुरू झाले. बायकामाणसांची परदा पाळणारी घरेही त्यातून सुटली नाहीत. लोक बिथरले. रुग्णालयात माणसांची मोमियाई काढतात अशा अफवा उठल्या. पुण्यात तर प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर जून १८९७ मध्ये प्राणघातक हल्ला झाला. त्याच साथीत पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

अशा वातावरणात हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक पडवी मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. कामाच्या ताणाने एका मदतनिसाची प्रकृती पार ढासळली, इतर सोडून गेले. हाफकिन रात्रंदिवस काम करीत राहिले. त्यांनी मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढविले आणि वर तूप तरंगत ठेवले. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंचे झुंबरासारखे लोंबते झुपके तयार होत. भांडे हलविले की ते खाली पडत आणि नवे येत. असे काही आठवडे झाल्यावर तो अर्क तापवून जंतू मारले जात. मेलेल्या जंतूंची ही लस अवघ्या तीन महिन्यांत सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेहून बरीच मोठी. ताप आणि वेदना सोसून ते बरे झाले. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस देण्यात आली, आणि लस न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोग फारच कमी आढळला.

लस तर झाली, पण ती घ्यायला लोक पुढे येईनात. सरकारचे कडक उपाय ज्यांनी पाहिले होते ते सरकारी सुईवर विश्वास कसा ठेवणार? या वेळी आपल्यातील एक तरुण पुढे झाला. खोजा जमातीचे इमाम सर सुलतान महंमद शाह आगाखान यांचे वय तेव्हा विशीच्याही आत होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर उघडपणे, एकदा नव्हे तर पुनःपुन्हा, लस टोचून घेतली. आपला खुशरू लॉज हा बंगला त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी खुला केला. परिणामी खोजा समाजातील हजारो स्त्री-पुरुष लस घेण्यास पुढे आले. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे अशा माणसाने स्वतःचा दंड पुढे केला, तेव्हाच हे घडले. कोणत्याही हुकुमाने ते घडले नसते. याच आगाखान यांनी पुढे १९११ साली अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठासाठी देशभर हिंडून निधी जमविण्याच्या कामाचे नेतृत्व केले, आणि १९२० साली ते विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण आणि आरोग्य ही दोन निराळी कामे आहेत असे त्यांनी मानले नाही.

लशीचा पुरावा गोळा करण्यात हाफकिन यांची शिस्त विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखी आहे. १८९७ साली पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण येथे २,१९७ लोकांनी लस घेतली होती, त्यांतील ३६ मरण पावले. लस न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मरण पावले. म्हणजे एका बाजूला शंभरात दोनाहूनही कमी, तर दुसऱ्या बाजूला शंभरात चोवीस-पंचवीस. तरीही कोणी म्हणेल की, लस घेणारे लोक मुळातच सुस्थितीतले असतील. म्हणून १८९८ साली बडोद्याजवळील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली गेली आणि निम्म्यांना नाही. घर तेच, अन्न तेच, हवा तीच. पुढे प्लेग ज्या घरांत शिरला त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तिघे आणि न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ जण मरण पावले. लशीने शंभर टक्के संरक्षण मिळत नाही हे या आकड्यांत दिसते आणि हाफकिन यांनी ते लपविले नाही. पण तिच्यामुळे किती प्राण वाचतात हेही तितकेच स्वच्छ दिसते.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. येथून देशभर व परदेशांतही लस जाऊ लागली. त्यांचे नाव सर्वत्र झाले. आणि याच वेळी घात झाला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते बाटलीत आले कोठून, हा प्रश्न होता. हाफकिन यांनी लस करण्याच्या रीतीत थोडा बदल करून कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते. ही गोष्ट त्यांच्या विरुद्ध गेली. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि ते इंग्लंडला गेले. ज्याने हजारोंचे प्राण वाचविले त्याच्या माथी एकोणीस मृत्यूंचा डाग लागला.

हाफकिन खचले नाहीत. त्यांनी आरडाओरड केली नाही, कागदपत्रांचा एकेक धागा तपासला. चौकशीतच नोंद होती की, गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय, बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करून नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीर पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे बजावले. अखेर सरकारने त्यांना पुन्हा नेमले. मधली पाच वर्षे मात्र कोणी परत केली नाहीत. परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. हाफकिन कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, पण तेथे त्यांना लशीच्या नव्या चाचण्यांची मुभा नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस ते सेवानिवृत्त होऊन युरोपला परतले.

त्यांनी लग्न केले नाही. उत्तर आयुष्यात ते आपल्या धर्माच्या अभ्यासात रमले. १९२९ साली त्यांनी आपली आयुष्यभराची कमाई पूर्व युरोपातील ज्यू धर्मविद्यालयांच्या मदतीसाठी एका न्यासाच्या स्वाधीन केली, आणि धर्माच्या शिक्षणाबरोबर तेथील मुलांना विज्ञान व एखादा व्यवसायही शिकविला जावा अशी इच्छा ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. स्वतंत्र भारताने १९६४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत आणि हाफकिन यांची जुनी लस सर्रास दिली जात नाही. पण त्यांनी जे तत्त्व लोकांच्या दारात नेऊन सोडले ते आजही आपल्या मुलांचे रक्षण करीत आहे. पालकांनी या संदर्भात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. २०२२ साली मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. या आपल्याच वस्त्या होत. पुष्कळ मुलांना लस मिळालेली नव्हती. कोठे कोविडच्या काळात ती राहून गेली, कोठे घरच्यांनी भीतीपोटी नाकारली. गोवर हा अंगावर पुरळ उठवून जाणारा साधा आजार आहे असे समजू नये. गोवराचा विषाणू त्या स्मृती जपणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. त्यामुळे मूल गोवरातून उठले तरी शरीराने पूर्वी कमावलेली इतर रोगांची ओळखही बऱ्याच अंशी पुसली जाते आणि पुढे कित्येक महिने ते मूल इतर आजारांना बळी पडू शकते. लस घेतल्याने मात्र असे काही होत नाही. गोवर-रुबेलाची लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. टोचल्यावर थोडा ताप आला तर घाबरू नये. पलटण तयार होत असल्याची ती खूण असते. शंका असेल तर मोहल्ल्यातील ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, डॉक्टरांना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रांनी हाफकिन यांच्याकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. ज्यांना धर्मापायी नोकरी नाकारली गेली, त्यांनी ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा कमी लेखली नाही. आरोप आला तेव्हा त्यांनी पुराव्यानेच उत्तर दिले. ज्या देशाशी आपले नाते नव्हते तेथील परधर्मीय गोरगरिबांसाठी त्यांनी आपला देह पणाला लावला, आणि तेव्हा मुंबईत त्यांना आपला बंगला देणारा आपल्याच समाजातील एक तरुण होता. त्या दोघांनी उभारलेल्या कामाचा वारसा आपल्याकडेही आला आहे. आपल्या शाळांतून शिकणाऱ्या मुला-मुलींपैकी कोणी उद्या परळच्या त्या जुन्या इमारतीत संशोधक म्हणून पाऊल टाकील, तर हा वारसा योग्य हाती पोहोचला असे म्हणता येईल.